इथं जिना होता

जुन्या इमारतीचं नवं रूप बघायला जमलेल्या गर्दीत तिथलाच माणूस कोण आणि बाहेरून आलेला कोण, हे ओळखायला फार वेळ लागत नाही. बाहेरचा माणूस दारातल्या माहितीफलकापाशी थांबतो, फोटो काढतो आणि बाणांच्या दिशेनं निघतो. तिथला माणूस फलकाकडे ढुंकूनही बघत नाही. तो आधी वर छताकडे बघतो, मग खाली फरशीकडे, आणि मग एखाद्या कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवून सोबतच्याला ठामपणे सांगतो, "इथं जिना होता." जिना खरंच होता की नाही, हा भाग वेगळा. पण त्याच्या बोलण्यातला हक्क तिकीट काढून मिळत नाही.

या माणसाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. वास्तुकलेच्या मासिकांत काचेबद्दल आणि पोलादाबद्दल लिहिलं जातं, पर्यटनाच्या पुरवण्यांत 'एकदा तरी पाहावीत' अशा ठिकाणांच्या याद्या येतात. ज्याचं घर त्या इमारतीपासून दोन गल्ल्या सोडून आहे, ज्यानं आयुष्यभर तिच्या सावलीतून ये-जा केली, तो आत शिरल्यावर नेमकं काय बघतो? मला तर इमारतींपेक्षा त्यांच्यात हिंडणाऱ्या या लोकांकडे बघायलाच जास्त आवडतं. यांच्यातही दोन तऱ्हा असतात. काहींनी इमारतीचं जुनं काम चालू असताना ती आतून पाहिलेली असते. बाकीच्यांनी पाहिलेली असते फक्त कंपाउंडची भिंत. ही दुसऱ्या तऱ्हेची माणसं संख्येनं कितीतरी जास्त, कारण जुन्या मोठ्या इमारती मुळात सगळ्यांसाठी नव्हत्याच. वीजकेंद्र, गिरणी, खाण, तुरुंग, राजवाडा, टांकसाळ. काम असेल त्यालाच आत प्रवेश. इतरांनी बाहेरून धूर बघायचा, भोंगा ऐकायचा आणि घड्याळ लावायचं.

लंडनच्या बँकसाइड वीजकेंद्राचं असंच होतं. थेम्सच्या दक्षिण काठावर, सेंट पॉल कॅथेड्रलच्या बरोबर समोर, विटांचा एवढा मोठा ठोकळा. रचना जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांची. मधोमध ९९ मीटरची एकच चिमणी. कॅथेड्रलच्या घुमटाच्या वर जाऊ नये म्हणून तेवढ्यावर रोखलेली. पहिला टप्पा १९५२ मध्ये सुरू झाला, सगळं बांधून व्हायला १९६३ उजाडलं, आणि तेल महागल्यावर १९८१ मध्ये केंद्र बंदही पडलं. एखाद्या सरकारी नोकरदाराची सेवा याहून मोठी भरते. त्यानंतर बरीच वर्षं ते नुसतं उभं होतं. नदीपलीकडून रोज दिसायचं, पण आत काय आहे याची गंधवार्ता नसायची.

२००० च्या मे महिन्यात तिथं टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय सुरू झालं. हर्झोग आणि द म्यूरॉन या स्विस वास्तुरचनाकारांनी केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे जनित्रांचं दालन त्यांनी मोकळं सोडलं. ३५ मीटर उंच, १५२ मीटर लांब जागा, आणि तिच्यात मजले चढवण्याचा मोह टाळलेला. पश्चिमेच्या दारातून एक रुंद उतार थेट त्या दालनात उतरतो. कायमचा संग्रह बघायला तिकीट नाही. त्यामुळे कलेशी काडीचा संबंध नसलेला माणूसही पाऊस आला म्हणून आत शिरू शकतो आणि पाऊस थांबल्यावर निघून जाऊ शकतो. २००३ मध्ये ओलाफुर एलियासन या कलावंतानं तिथं पिवळ्या दिव्यांचा सूर्य उभा केला आणि छताला आरसे लावले. तर लोक काय करू लागले? चक्क फरशीवर पाठ टेकून आडवे झाले आणि वरच्या आरशात स्वतःला शोधू लागले. परक्या घरात माणूस उभा राहतो, फार तर बसतो. आडवा होत नाही. इतकी वर्षं नुसतं बाहेरून बघत आलेल्या शहरानं ती इमारत आपलीशी केली ती त्या फरशीवर, असं मला वाटतं. उद्घाटनाच्या दिवशी निश्चितच नाही.

संग्रहालय झाल्यावरही इमारतीचा एक भाग विजेच्या उपकेंद्राकडेच राहिला. रोहित्रांची घरघर दालनात ऐकू येते. इमारतीला तिचं जुनं काम आठवत राहावं यासाठी लोक काय काय उपाय करतात, चित्रफिती दाखवतात, मेणाचे कामगार उभे करतात. इथं काहीच करावं लागलं नाही.

जर्मनीतल्या एसेन शहरात झोलफेराइन नावाची कोळशाची खाण होती. तिचा बारा नंबरचा शाफ्ट, म्हणजे जमिनीखाली उतरायची उभी विहीर, १९३२ मध्ये सुरू झाला. फ्रिट्झ शुप आणि मार्टिन क्रेमर यांनी केलेली त्याच्या इमारतींची रचना इतकी देखणी की जगातली सर्वांत सुंदर खाण म्हणून तिचं नाव झालं. १९८६ च्या डिसेंबरात कोळसा थांबला, १९९३ मध्ये शेजारचा कोकचा, म्हणजे कोळसा भाजून केलेल्या इंधनाचा, कारखाना. २००१ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. पण खाण चालू होती तेव्हा आसपासची माणसं त्या परिसराला 'निषिद्ध नगरी' म्हणायची. घरातला बाप, भाऊ, काका रोज त्या फाटकातून आत जायचा आणि काळा होऊन बाहेर यायचा. मधल्या तासांत तो कुठं असतो, कसा दिसतो, हे बायकोपोरांनी कधी पाहिलेलं नसायचं. खाण बंद पडल्यावर फाटक उघडलं, तेव्हा आत पाऊल टाकणाऱ्या किती बायकांनी नवऱ्याच्या नोकरीची जागा पहिल्यांदा पाहिली असेल!

आता तिथं कोळसा धुण्याच्या इमारतीत रूर म्यूझियम आहे, लांबलचक सरकत्या जिन्यानं वर नेणारं. छानच आहे. पण मला खरं अप्रूप आहे ते कोक कारखान्यातल्या पोहण्याच्या तलावाचं. मालवाहतुकीचे दोन कंटेनर जोडून दोन कलावंतांनी २००१ मध्ये तो बनवला. उन्हाळ्यात आजूबाजूची पोरं त्यात डुंबतात. हिवाळ्यात भट्ट्यांच्या लांबच लांब रांगेसमोर बर्फाचा पट्टा तयार करतात आणि लोक स्केटिंग करतात. या भट्ट्यांत कोळसा हजार अंशांच्या वर तापायचा. त्यांच्या तोंडाशी आता बर्फ. स्केटिंगला आलेली मुलं 'औद्योगिक वारसा' बघायला आलेली नसतात, आणि मला वाटतं तेच बरोबर आहे. तिथला माणूस संग्रहालय एकदा बघतो. पाहुणे आले की त्यांना दाखवायला आणखी एखाद्या वेळी येतो. तलावावर तो सबंध उन्हाळा येतो. नवं काम ठरवताना समित्या बसतात, अहवाल होतात. पण शेजारच्या माणसाला पुन्हा यायला काही कारण ठेवलंय का, हा साधा प्रश्न त्यात बहुधा कुणी विचारत नाही.

झोलफेराइनमध्ये लोकांना हिंडवून दाखवणाऱ्यांत जुने खाणकामगारही असतात. ही पहिली तऱ्हा, इमारत आतून पाहिलेल्यांची. त्यांच्याबरोबर हिंडणं ही वेगळीच गोष्ट.

माझ्या एका मित्राचे वडील मुंबईतल्या एका कापड गिरणीत साळखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. काकाही गेले नाहीत. पुढं त्या जागेवर मॉल आला. चाळीतून चिमणी दिसायची, तरी काका तिकडे फिरकायचे नाहीत. शेवटी नातीच्या हट्टापायी गेले, आणि मित्र गावाला गेला होता म्हणून सोबत मी.

दारात सुरक्षारक्षकानं हातातलं यंत्र पुढं केलं. काकांनी कुणी सांगायच्या आत दोन्ही हात खांद्यापर्यंत वर घेतले, बोटं पसरली, आणि हलकेच एका बाजूला वळले. रक्षकालाही ते जरा जास्तच वाटलं. आत आल्यावर काका म्हणाले, "पाळी सुटली की अशीच झडती. कापडाची चिंधी पण बाहेर जाता कामा नये. तेव्हा जाताना घ्यायचे, आता येताना घेतात."

मग त्यांनी दुकानांकडे बघितलंच नाही. त्यांची नजर छताला लागली होती. साळखात्याची शेड एकमजलीच असते, कारण शेकडो माग एकदम चालू झाले की वरच्या मजल्याची खैर नाही. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, आणि दात्यांच्या उभ्या बाजूच्या काचा उत्तरेकडे, म्हणजे थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड. तुटलेला धागा दिसलाच पाहिजे. त्या काचा मॉलवाल्यांनी ठेवल्या होत्या, खाली रंगीत दिवे सोडून. ओतीव लोखंडाचे खांबही ठेवले होते, काळ्या रंगाचा जाड थर देऊन. काका एका खांबापाशी थांबले आणि डोक्याच्या वर हात नेऊन रंगाखाली बुजलेली दोन भोकं त्यांनी बोटानं चाचपली. "इथं ब्रॅकेट असायचं. वरून फिरता शाफ्ट जायचा, त्यावर माग चालवणारे पट्टे. माझ्या वेळेला मोटारी आल्या होत्या, पण भोकं तशीच." मग ते खांब मोजत निघाले. नात कंटाळून माझा हात ओढत होती. एका बुटांच्या दुकानाच्या दाराशी ते थांबले, आत डोकावले आणि म्हणाले, "माझे माग." दुकानातला मुलगा लगबगीनं पुढं आला, "या काका, कोणता नंबर?" काकांनी मागाचा नंबर सांगितला. मुलगा गोंधळला. काका मनापासून हसले, आणि मोठ्यानं, कारण साळखात्यातली माणसं हळू बोलायचं केव्हाच विसरलेली असतात. धोट्यांच्या खडखडाटात ओठांवरूनच एकमेकांचं समजून घ्यायची सवय.

मला वाटलं होतं, ते हळवे होतील, निदान चिडतील. त्यांची तक्रार निघाली भलतीच. मधल्या चौकात शोभेसाठी एक माग ठेवला होता, लाल रंगानं रंगवलेला. काका त्याच्याभोवती फिरले आणि म्हणाले, "हा उलटा लावलाय. विणकर उभा कुठं राहणार? भिंतीत?"

ही माझीही जुनी खुन्नस आहे. नूतनीकरण करणारे यंत्र जपतात, पण त्याच्यापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाची जागा जपत नाहीत. घासून-पुसून, रंग लावून, चौथऱ्यावर दिवे सोडून यंत्राचं शिल्प होतं. जुन्या वापराच्या खऱ्या खुणा असतात त्या फरशीतल्या घासलेल्या वाटेत, दाराच्या मुठीपाशी काळवंडलेल्या लाकडात, खांबाच्या भोकांत. त्या खुणा वाचणारा माणूस फक्त तिथलाच असतो, आणि 'स्वच्छता' या नावाखाली पहिला घाला त्यांच्यावरच पडतो. पोलंडमधल्या वूच शहरात इझ्राएल पोझनान्स्की याच्या प्रचंड सूतगिरणीचा २००६ मध्ये मॉल झाला. तिथंही लाल विटांच्या भिंती देखण्या राखल्या आहेत. भिंती राखणं त्या मानानं सोपं.

तुरुंगांच्या बाबतीत हे सगळं जास्त टोकाला जातं, कारण आतून पाहिलेल्यांना ती इमारत पुन्हा बघायची इच्छा असेलच असं नाही. बॉस्टनमध्ये १८५१ साली बांधलेला चार्ल्स स्ट्रीट तुरुंग होता. कैद्यांना तिथं ठेवणं हा त्यांच्या घटनादत्त हक्कांचा भंग आहे, असं न्यायालयानं १९७३ मध्ये ठरवलं, तरी तो बंद व्हायला १९९० आलं. २००७ मध्ये तिथं आलिशान हॉटेल उघडलं. नाव ठेवलं लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्य. आतल्या बारचं नाव ॲलिबाय, म्हणजे 'गुन्ह्याच्या वेळी मी तिथं नव्हतोच' हा आरोपीचा बचाव. ज्यांनी हे नाव सुचवलं त्यांना ते विनोदी वाटलं असणार. त्या कोठडीत ज्याचा भाऊ होता असा माणूस त्याच शहरात राहत असेल, हे त्यांच्या मनात आलं नसेल.

त्याच्याशेजारी जोहान्सबर्गचा कॉन्स्टिट्यूशन हिल ठेवून बघावा. तिथल्या जुन्या किल्ल्याच्या तुरुंगात गांधीजी होते आणि मंडेलाही. काळ्या कैद्यांचा 'नंबर फोर' हा भाग तर नुसत्या नावानं धडकी भरवणारा. १९८३ मध्ये तुरुंग बंद झाला, आणि वर्णभेद संपल्यावर देशाच्या घटना न्यायालयासाठी मुद्दाम हीच जागा निवडली गेली. २१ मार्च २००४ ला न्यायालयाचं उद्घाटन झालं. खटल्याची वाट बघणाऱ्या कच्च्या कैद्यांची इमारत पाडावी लागली, पण तिचे चार जिने उभे ठेवले आणि तिच्या विटा न्यायदालनाच्या भिंतींत लावल्या. सुनावणी ऐकायला कुणालाही बसता येतं. न्यायदालनात जमिनीलगत एक लांब काचेची पट्टी आहे; तिच्यातून बाहेर चालणाऱ्यांचे पाय दिसतात. जुने कैदी इथं परत आले, त्यांनी आपल्या कोठड्या दाखवल्या, आठवणी नोंदवल्या. बेड्यांत ज्या दारानं आलो, त्याच आवारात आता सरकारला जाब विचारता येतो, ही गोष्ट फलकावर लिहून कुणाला पटली नसती. या बाबतीत मी थोडा पक्षपाती आहे. जुन्या इमारतीला मिळालेलं नवं काम इतकं चोख मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पण न्यायालय हा अपवाद. एरवी जुन्या वास्तूत सरकारी कचेरी गेली की दार पुन्हा बंद. मुंबईत अपोलो बंदराजवळ रॉयल अल्फ्रेड सेलर्स होम होतं, खलाशांना उतरायला १८७६ मध्ये बांधून झालेलं. व्हिक्टोरिया टर्मिनसवाले फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचंच काम. १९२८ पासून तिथं विधिमंडळ बसलं, आणि १९८२ पासून राज्याच्या पोलीस महासंचालकांचं मुख्यालय. खलाशी, आमदार, पोलीस! दर्शनी त्रिकोणात समुद्रदेव नेपच्यून अजून आहे, त्याला कुणी बदलीचा हुकूम दिलेला नाही. इमारत वापरात आहे, राखलेली आहे, सगळं उत्तम. रस्त्यावरच्या माणसाला मात्र ती जशी १८७६ मध्ये बाहेरून बघावी लागे, तशीच आजही.

यावर फ्रान्सनं एक तोडगा काढला. सांस्कृतिक मंत्री जॅक लाँग यांनी १९८४ मध्ये सप्टेंबरातला एक दिवस ठरवून ऐतिहासिक वास्तूंची दारं लोकांसाठी उघडली. पुढं ही कल्पना युरोपभर पसरली. लंडनमध्ये १९९२ पासून 'ओपन हाउस' सुरू झालं. एलिझे राजवाडा मुळात १७२२ मध्ये एका सरदारानं बांधलेला वाडा, आता राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान. तो बघायला लोक तासन्‌तास रांग लावतात. त्या रांगा मोठ्या बोलक्या असतात. रोज ज्याच्या समोरून बस पकडायची त्या वास्तूचा जिना एकदा चढून बघायचा, एवढीच हौस. उरलेले दिवस दार बंद राहणार हे त्यांनाही ठाऊक असतं. मला या दिवसांचं कौतुक आहे, पण वर्षातून एकदा उघडणाऱ्या दाराला दार म्हणावं का, अशी शंकाही येते.

उलट काही ठिकाणी तिथल्याला एक दार आणि पाहुण्याला दुसरं. इस्तंबूलची आया सोफिया ५३७ मध्ये चर्च म्हणून उभी राहिली, १४५३ मध्ये मशीद झाली, १९३५ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली, २०२० मध्ये पुन्हा मशीद. जानेवारी २०२४ पासून नमाजाला येणारे तळमजल्यावर जातात, आणि परदेशी पर्यटक तिकीट काढून वरच्या सज्जात. यामागच्या राजकारणावर पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यात मी शिरत नाही. पण एकाच घुमटाखाली दोन मजल्यांवर दोन इमारती बघायच्या असतील तर इथं बघाव्यात.

आणि मग तिसरीही एक तऱ्हा असते, जिचा विचार मी सुरुवातीला केलाच नव्हता: ज्यांच्यासाठी नवं कामच जुनं आहे. पॅरिसचं ऑर्से हे १९०० सालचं रेल्वेस्थानक. १९३९ पर्यंत गाड्या लांब झाल्या, फलाट तोकडे पडले, आणि लांब पल्ल्याच्या गाड्या बंद झाल्या. १९८६ मध्ये ते कलासंग्रहालय झालं. शाळेच्या सहलीबरोबर तिथं गेलेली मुलं आज मुलाबाळांची झाली. त्यांना कुणी म्हणालं, "इथं गाडी लागायची," तर ती मोठ्या घड्याळाकडे बघून मान डोलावतात, बस्स. त्यांची आठवण चित्रांची आहे, आणि ती आठवण खोटी थोडीच आहे?

नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्तमध्ये तर हे मोठ्या गमतीनं सिद्ध झालं. तिथलं डॉमिनिकन चर्च १२९४ सालचं. अठराव्या शतकाच्या अखेरीला फ्रेंच सैन्य आलं आणि चर्च हे चर्च राहिलं नाही. नंतर कशाकशासाठी वापरलं गेलं. अलीकडची काही वर्षं तर तिथं सायकली लावायचे. २००० नंतरच्या दशकात तिथं पुस्तकांचं दुकान थाटलं. दुकानाला जागा जास्त हवी होती, पण मजले टाकले असते तर चर्चची उंची मेली असती. म्हणून वास्तुरचनाकारांनी एका बाजूला काळ्या पोलादाचं अनेक मजली कपाट उभं केलं, आत जिने असलेलं. उद्या ते उचलून नेलं तरी चर्च जसंच्या तसं. त्या जिन्यानं वर गेलं की हातात पुस्तक आणि डोक्यावर जुन्या चित्रांची कमान. लोकांना ते फार आवडलं.

मग दुकान ज्या साखळीचं होतं ती बुडाली. नवी मालकी आली, २०१४ मध्ये तीही बुडाली. इमारतीला धोका कसलाच नव्हता. सातशे वर्षं उभं असलेलं चर्च एका दिवाळखोरीनं थोडंच पडणार? सायकली पुन्हा आत आल्या असत्या, इतकंच. पण दुकानातल्या लोकांनी ते स्वतंत्रपणे चालवायचं ठरवलं, वाचकांकडे वर्गणी मागितली आणि लोकांनी ती दिली. दुकान अजून चालू आहे.